विषय: नॅशव्हिलचं कंट्री म्युझिक म्युझियम – सासू-सासऱ्यांना न्यावं का?

नमस्कार मंडळी,
लाँग वीकेंडला अटलांटाहून नॅशव्हिलला जायचं म्हणतोय. सोबत सासू-सासरे आहेत, पुण्याहून आलेले. बाबांचं आयुष्य नाट्यगीतं आणि भीमसेन ऐकण्यात गेलं. आम्हालाही कंट्रीतलं, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या या संगीतातलं, ओ की ठो कळत नाही. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या म्युझियमचं तिकीट काढावं, की नुसतं ब्रॉडवे या तिथल्या गजबजलेल्या रस्त्यावर भटकावं?

———

ताई, जरूर न्या. गाणी आवडलीच पाहिजेत अशी काही अट नाही.

बाबांना तिथली स्टील गिटार आवर्जून दाखवा. तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ना, ती. मूळची हवाईची. तिथून ती अमेरिकेत आली आणि कंट्रीत मुरली. दुसरीकडे १९४०च्या दशकात हवाईचे गिटारवादक ताऊ मो हीच गिटार कलकत्त्यात वाजवत होते. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्याच पद्धतीच्या गिटारवर राग वाजवले. संतूरवाले शिवकुमार आणि बासरीवाले हरिप्रसाद यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड बाबांनी ऐकली असणारच. एवढं सांगितलंत की ते काचेला नाक लावून उभे राहतील.

आणि गोल दालनातून घाईने निघू नका. तिथे सन्मानितांच्या ब्राँझच्या पाट्या आहेत. त्यात डीफर्ड बेली शोधा. हा कृष्णवर्णीय कलावंत माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब काढायचा, चाकं, शिट्टी, सगळं. ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा मोठा स्टार. १९४१मध्ये त्याला तिथून काढलं आणि पुढे बूट पॉलिशच्या दुकानावर त्याने पोट भरलं. तो वारला १९८२मध्ये, पाटी लागली २००५मध्ये. हे संगीत म्हणजे निव्वळ गोऱ्या शेतकऱ्यांचं, असं मानणाऱ्यांनी बॅन्जोचं मूळही बघावं. ते आफ्रिकेत आहे.

कंट्रीच्या सुरुवातीच्या काळातली गिटारवादक मेबल कार्टर हिची १९२८ची गिब्सन गिटारही बघा. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा, हे तिचं तंत्र पुढे असंख्य गिटारवाल्यांनी उचललं. हल्लीच्या स्टार मंडळींचे चमकदार कपडे मात्र भराभर उरकले तरी चालतील.

———

वरच्या मेलशी सहमत, पण गाड्या कशा विसरलात? कंट्री गायक वेब पिअर्सची १९६२ची पॉन्टिअॅक: आत चांदीचे डॉलर जडवलेले, दरवाज्याला कड्यांऐवजी पिस्तुलं, दोन सीटच्या मधे घोड्याचं खोगीर! आमचे चिरंजीव तिथून हलेनात. गायक एल्विस प्रेस्लीची सोनेरी कॅडिलॅकही तिथेच आहे. अभिरुचीचं म्हणाल तर आनंदच आहे, पण गरिबीतून वर आलेल्या माणसाला पैसा मिळाल्यावर काय करावंसं वाटतं, ते या गाड्यांत दिसतं.

स्टुडिओ बी या जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच काढा. म्युझियममधूनच बसने नेतात. एल्विसने तिथे दोनशेच्या वर गाणी रेकॉर्ड केली. बाबांना रेकॉर्डिंगची आवड असेल तर ब्रॉडवेच्या गोंगाटापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रदर्शन तिसऱ्या मजल्यावर सुरू होऊन खाली उतरतं, म्हणून आईंचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टने आधी वर जा. नॅशव्हिलचं घड्याळ अटलांटापेक्षा एक तास मागे आहे, स्टुडिओची वेळ ठरवताना तेवढं लक्षात ठेवा.