ताशी पन्नासने जाणारी लष्करी जीप आणि तिच्या मागून येणारा ट्रक

जुनीजीप
"लष्कराच्या जुन्या गाड्या प्रदर्शनापर्यंत ट्रेलरवरूनच न्याव्यात, त्या रस्त्यावर चालवणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ आहे," असे मत या मंचावर नुकतेच मांडले गेले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी विलीज एमबी जीप १९४३ ची आहे: साठ अश्वशक्तीचे इंजिन, तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ती ताशी शंभरच्या घरात पोहोचू शकते, पण एक्सलचे गुणोत्तर ४.८८ असल्यामुळे (म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट ४.८८ वेळा फिरतो) इंजिनावर फार ताण येतो. खरी सुखात ती पन्नास-साठलाच चालते. मी महामार्ग टाळतो, अंधार पडायच्या आत परततो आणि मागे तीन-चार गाड्या साचल्या की जागा बघून बाजूला घेतो. ट्रॅक्टर आणि सायकली रस्त्यावर चालतात, मग जीपवरच एवढा राग का?

लांबपल्ला
मी मालवाहू ट्रक चालवतो, म्हणून मागून येणाऱ्याची बाजू सांगतो. ट्रॅक्टर दुरूनच ओळखू येतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. जीप मात्र मोटारीसारखी दिसते, त्यामुळे तिचा वेगही मोटारीचाच असेल असे मी गृहीत धरतो. मी नव्वदने येत असेन आणि तुम्ही पन्नासने जात असाल, तर आपल्यातले अंतर दर सेकंदाला अकरा मीटरने कमी होते. दोनशे मीटर अठरा सेकंदांत संपतात. त्यातून गाडीचा रंग मातकट हिरवा, मुळात दिसू नये म्हणूनच दिलेला, आणि मागे नीट दिसेल असा दिवा फक्त डावीकडे. रस्ता तुमचाही आहे, हे मान्य. पण मला दिसण्याची जबाबदारी तुमचीच आहे.

ग्रीसगन
लांबपल्ला यांचे म्हणणे पटते. मागे दोन ठळक एलईडी दिवे, इंडिकेटर आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा दाब तेलातून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग; सर्किट दोन असली की एक निकामी झाले तरी दुसऱ्यावर ब्रेक लागतात. नारिंगी त्रिकोण मात्र लावू नका. ज्या देशांत तो वापरतात, तिथे त्याचा अर्थ 'ताशी चाळीसच्या आत चालणारे वाहन' असा आहे. साठने धावणाऱ्या जीपवर तो लावला, तर मागच्याची दिशाभूलच होईल.

मूळबरहुकूम
मग ती जीप उरलीच कुठे? मागच्या ब्लॅकआउट दिव्यांचेच, म्हणजे शत्रूला दिसू नयेत म्हणून मुद्दाम मंद ठेवलेल्या दिव्यांचेच बघा. अंधारात ताफ्यातल्या मागच्या चालकाला जवळून चार ठिपके दिसतात, योग्य अंतरावर दोन आणि फार मागे पडल्यावर एकच. दिव्याच्या काचेतच अंतर मोजण्याची सोय करणारी ही कल्पकता उपटून तिथे बाजारू दिवे लावणाऱ्यांची मला चीड येते. आज दिवे, उद्या डिस्क ब्रेक, परवा इंजिन. अशाच 'सुधारलेल्या' गाड्यांमुळे मूळ सुटे भाग भंगारात गेले आहेत.

ग्रीसगन
ते ठिपके मागचा चालक संथ गतीने ताफ्यात चालला आहे आणि त्यांचा अर्थ त्याला शिकवलेला आहे, असे धरून बनवलेले होते. नव्वदने येणाऱ्याला त्यातले काय कळणार? आणि मास्टर सिलिंडरचे म्हणाल, तर उतारावर माझा पुढचा ब्रेक होज (ब्रेकचे तेल नेणारी रबरी नळी) फुटला आणि पेडल थेट तळाला गेले. मूळ रचनेत सर्किट एकच, त्यामुळे चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी गेले. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. तो चाकांवर नाही, तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे ती ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर लागतो, त्यामुळे शाफ्टला झटका बसून गाडी थरथरत थांबली. बंपरपासून चार हातांवर एक मुलगी सायकल धरून उभी होती. त्या दिवसानंतर 'मूळ स्वरूप' हे शब्द ऐकले की माझे डोके फिरते.

मूळबरहुकूम
होज जुना होता, हा देखभालीचा दोष झाला. रचनेच्या माथी तो मारू नका. रबराला बाहेरून चीर नसली तरी तो आतून फुगतो, म्हणून ठरावीक वर्षांनी बदलायलाच हवा.

ग्रीसगन
दोष माझा होता, हे कबूल करतो. पण माझ्या चुकीची किंमत त्या मुलीने का मोजावी? दुसरे सर्किट अशा चुकांसाठीच असते.

मूळबरहुकूम
मास्टर सिलिंडरपुरते मान्य करतो, तेही तो गाडीच्या तळाखाली असतो आणि कोणाला दिसत नाही म्हणून. दिव्यांच्या बाबतीत मात्र बॉडीला एकही नवे भोक पडता कामा नये.

जुनीजीप
भोक पाडायची गरजच नाही. मी फळकुटावर दोन दिवे, इंडिकेटर आणि परावर्तक पट्ट्या बसवल्या आहेत. निघताना ते फळकूट मागे टांगलेल्या स्टेपनीला पट्ट्याने आवळतो आणि प्रदर्शनात पोहोचलो की काढून ठेवतो. गाडी सहा व्होल्टची असल्याने त्याला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी लागते. ब्रेक दिव्याची जोडणी मात्र अजून नीट जमलेली नाही.

लांबपल्ला
मग ती जमेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. तुम्ही थांबत आहात हे मला कळलेच नाही, तर बाकीचे दिवे काय कामाचे? ते फळकूट दुरून दिसेल, एवढे मान्य करतो. महामार्गावर मात्र अशी जीप नकोच, हे माझे मत कायम आहे.

ग्रीसगन
जुनीजीप, ब्रेकच्या मूळ स्विचमधून छोटा रिले (एका विद्युतप्रवाहाने दुसरा चालू-बंद करणारा स्विच) चालवा आणि बारा व्होल्टचा दिवा त्या रिलेवरून घ्या. रिलेतली कॉइल, म्हणजे तो ओढणारे तारेचे वेटोळे, सहा व्होल्टचीच घ्या. बाराची लावलीत तर रिले ओढणार नाही.