प्रतिसाद : मस्जिद-ए-सुलेमानची विहीर आणि रेनॉल्ड्स

वर 'इराणचं तेल डार्सीने शोधलं' असं आलंय. विल्यम डार्सी या ब्रिटिश धनिकाने १९०१ मध्ये इराणात तेल शोधण्याची सवलत (सरकारी हक्क) मिळवली, पैसा ओतला; पण तो इराणात कधी गेलाच नाही. विहिरी खोदल्या जॉर्ज बर्नार्ड रेनॉल्ड्सने. हा कूपर्स हिलच्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजचा, आधी हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होता. त्याचं नाव मागे पडावं, हे मला खरंच खटकतं.

तेव्हाचं खोदकाम केबल टूलचं. वाफेच्या इंजिनावर दोराला टांगलेला जड छिन्नीसारखा बिट उचलायचा, आपटायचा; मग पाणी ओतून झालेला चिखल बेलरने (लांब नळीसारख्या बादलीने) उपसायचा. भिंती ढासळू नयेत म्हणून केसिंग (आतून बसवायचा पोलादी नळ) उतरवत जायचं. बॉयलरला पाणी हवं, तेच तिथे दुर्मीळ. आपटून आपटून जोडाचे आटे सैल होतात आणि बिट तळाशी राहतो. मे १९०८ मध्ये नैऋत्य इराणातल्या मस्जिद-ए-सुलेमानच्या विहिरीत नेमकं हेच झालं. तो बाहेर काढल्याशिवाय पुढे एक फूटही जाता येत नाही, कारण नवा बिट पोलादावरच आपटत राहतो. आकड्यासारखी अवजारं सोडून आंधळेपणाने चाचपत तो काढावा लागला. त्यात कित्येक दिवस गेले.

तिकडे ग्लासगोहून, आता खर्च उचलणाऱ्या बर्मा ऑइल कंपनीकडून पत्र निघालं होतं : १६०० फुटांपर्यंत काही न लागल्यास काम थांबवा. २६ मे १९०८ च्या पहाटे सुमारे ११८० फुटांवर तेल उसळलं, डेरिकच्याही (विहिरीवरच्या मनोऱ्याच्याही) वर.

१९११ मध्ये कंपनीने रेनॉल्ड्सला काढलं. पुढे तो व्हेनेझुएलात शेलसाठी तेल शोधायला गेला.