कचेऱ्यांचा भाग संध्याकाळी मरून जातो, तो जिवंत करायला काय करता येईल?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी, मी धुळ्याचा. कलेक्टर कचेरी, कोर्ट, झेडपी असा जो सरकारी पट्टा असतो ना, तिथं दिवसा पाय ठेवायला जागा नसते अन् सहा वाजले की चिटपाखरू नाही, बाईमाणूस एकटं जायला घाबरतं. आम्ही कॉलनीतले काही जण महापालिकेला प्रस्ताव द्यायचं म्हणतोय, बगीचा, वॉकिंग ट्रॅक, लायटिंग वगैरे. ओळखीचा आर्किटेक्ट फुकट चित्र काढून देतोय. अजून काय टाकावं?

गल्ली नंबर चार:
भाऊ, चित्र नंतर. आधी तिथं रोज कोण येतं ते बघा. शिरपूर, साक्री, शिंदखेड्याहून सकाळच्या एसटीनं निघालेली म्हातारी माणसं, कोणाचा फेरफार अडकलेला, कोणाचे निराधारचे पैसे, अन् साहेब मीटिंगमध्ये असले की चार वाजेपर्यंत निंबाखाली पिशवी उशाला घेऊन पडून राहायचं. बायका तर दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण संडासला कुलूप. मे महिन्याच्या उन्हात त्यांना ट्रॅक काय कामाचा? ते तुमच्या कॉलनीच्या मीटिंगला येणार नाहीत, तुम्हीच जाऊन बसा त्यांच्यात. फॉर्म भरून घेऊ नका, अहिराणीत बोला, लोक मोकळं बोलतात. अर्जनवीस, स्टॅम्पवेंडर, झेरॉक्सवाला यांनाही विचारा, कुठल्या खिडकीला किती खोळंबा होतो ते त्यांना तोंडपाठ असतं.

खान्देशी वाटसरू:
एक आठवण करून देतो. १८१९ ला कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे खान्देशचं मुख्य ठाणं केलं तेव्हा नुसत्या कचेऱ्या नाही बांधल्या, व्यापारी अन् कारागिरांनाही इथं येऊन वसायला उत्तेजन दिलं. कचेरी अन् पेठ सोबत वाढली. आता आपण कचेऱ्यांना कंपाउंड घालून वेगळं काढतो अन् मग म्हणतो संध्याकाळी माणूस का नाही दिसत.

टपरीवाल्याची पोरगी:
माझे वडील एका कचेरीच्या गेटसमोर चहा विकतात. सुशोभीकरण म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण पहिली हातगाडी उचलली जाते ती आमची. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात स्पष्ट आहे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले पाहिजेत अन् सर्वे होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. तुमच्या चित्रात टपऱ्यांची जागा आधी आखा. अन् दादा, संध्याकाळी तिथं दिवा जळता ठेवणारेही आम्हीच, अंधारात जाणाऱ्या बाईला त्याचाच आधार वाटतो.

पांझराकाठ:
ताई, पटलं. ट्रॅक तूर्त बाजूला, आधी सावली, पाणी, चालू संडास अन् टपऱ्या. संध्याकाळसाठी एमपीएससीवाल्या पोरांची अभ्यासिका कशी वाटते? कचेरीचा एखादा हॉल सहानंतर रिकामाच असतो.

गल्ली नंबर चार:
भारी, पोरं रात्री दहापर्यंत बसतील, मग चहावालाही थांबेल. फक्त चावी कोणाकडं राहील ते लेखी घ्या भो. अन् शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी निघेल तेव्हा ३० दिवसांच्या आत हेच सगळं सह्यांनिशी द्या, सुनावणीला ताईच्या वडिलांना सोबत न्या. सोमवारी मी येतो, निंबाखाली भेटू.