सीजे३बी (हरिकेन पेट्रोल): उन्हात बंद केली की पुन्हा चालू होईना

जुळेसोलापूरकर
महिंद्राची सीजे३बी जीप आहे. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन, १२ व्होल्ट, सोलेक्स कार्बोरेटर, इंजिनावरचाच एसी कंपनीचा पेट्रोल पंप. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते. त्रास सगळा उन्हाचा. तुळजापूरचा घाट चढून वर थांबवली, किंवा भर दुपारी बाजारात दहा-पंधरा मिनिटं उभी केली, की सेल्फ फिरतो पण गाडी पेटत नाही. बोनेट उघडून अर्धा-पाऊण तास ठेवली की आपोआप चालू. घाटात पाण्याचा काटाही लालच्या जवळ जातो. पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे आहेत, पंपाला नवीन किट टाकलंय. एक मिस्त्री म्हणतात इलेक्ट्रिक पंप टाका, दुसरे म्हणतात थर्मोस्टॅट काढून फेका. गाडीचं मूळ रूप न बिघडवता काय करता येईल?

लो_गिअर
आधी काही विकत घेऊ नका. गाडी बंद पडलेली असतानाच तपासा, थंड झाल्यावर काहीच कळणार नाही.

कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढा, टोक ब्लॉकपासून ६ मिमीवर धरा (पक्कड इन्सुलेटेड हवी, आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको) आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, टणक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर मान टाकतोय. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं हल्ली अजिबात समजू नका.

ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरवरची हवेची नळी काढून टॉर्चनं घशात बघा आणि हातानं ॲक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची धार आली नाही तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी) रिकामं आहे, म्हणजे पंपात वाफ अडकलीय. उलट ॲक्सिलरेटरला हात न लावता पेट्रोल आपोआप ठिबकत असेल, वास मारत असेल, तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरलंय आणि प्लग ओले झालेत. दोन्हींचं मूळ उष्णताच, पण तात्पुरता इलाज अगदी उलटा. पहिल्या प्रकारात एसी पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि पंपाला हाताची कळ असेल तर ती मारायची. दुसऱ्या प्रकारात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. ॲक्सिलरेटर वरखाली मारलात तर प्लग आणखी भिजतील. तापलेल्या हेडवर किंवा पंपाच्या काचेच्या वाटीवर गार पाणी मात्र ओतू नका, तडकते.

जुळेसोलापूरकर
आज दुपारी केलं. ठिणगी निळी आहे. घाटातून आल्यावर धार नाही, आणि काचेच्या वाटीत तळाशी बोटभर पेट्रोल, वर नुसते बुडबुडे. बाजारात उभी केल्यावर मात्र घशात ठिबकत होतं आणि प्लग काळे ओले. म्हणजे दोन्ही?

लेथवाला_अक्कलकोट_रोड
दोन्हीच. या इंजिनाची रचनाच तशी आहे. मिश्रण आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, आणि इनटेकचा मार्ग हेडच्या आतच ओतलेला. कार्बोरेटर थेट तापलेल्या हेडच्या डोक्यावर बसतो. (याच उंच इंजिनामुळे १९५३ मध्ये सीजे३बीचं बोनेट वर उचलावं लागलं.) चालू असताना पंख्याचा वारा आणि नवं थंड पेट्रोल सांभाळून घेतात. बंद केलं की पाणी थांबतं, पंखा थांबतो आणि हेडची सगळी धग वर चढते. पेट्रोलमधला हलका भाग साधारण ३५ अंशांनंतर उकळू लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४२.

कार्बोरेटरखाली ८ मिमी हायलमची (उष्णता अडवणाऱ्या कडक इन्सुलेशन शीटची) चकती घाला. पॅनेलबोर्डचं सामान विकणाऱ्यांकडे शीट मिळते. जुनं पॅकिंग छाप्यासारखं ठेवून भोकं आखायची, मधलं भोक घशाच्या मापाला तंतोतंत, आत कड यायला नको. खाली एक, वर एक असं नवं पॅकिंग. स्टड तेवढेच लांब घ्या, नाहीतर नट अर्ध्या आट्यांवर बसतील. बसवण्याआधी कार्बोरेटरची फ्लँज काचेवर ठेवून बघा. डोलली तर ती आवळून आवळून वाकलीय, काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट करा. तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ आणि इंजिन आणखी तापणार.

कार्बोरेटर वर गेला की ॲक्सिलरेटरची लिंक आणि चोकची केबल पुन्हा जुळवावी लागते. बोनेटचं अंतर बघायला वरच्या टोकावर कणकेचा गोळा ठेवा, बोनेट दाबून लावा, उघडा आणि चेपलेली कणीक मोजा. १० मिमी तरी हवी, इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं.

नाना_पेठ_फेरी
चकतीनं ठिबकणं थांबेल, घाटातली वाफ नाही. टाकी सीटखाली, पंपाच्या खालच्या पातळीला. पंप पेट्रोल ओढून घेतो, आणि असं ओढलं जाणारं पेट्रोल कमी दाबामुळे आणखी लवकर उकळतं. टाकी ते पंप ही ५/१६ इंची लाइन सायलेन्सरपासून दूर न्या, युनियन (नळीचे जोड) घट्ट करा, लवचिक तुकडा नवा टाका. पाइपवर एसएई ३०आर९ (पेट्रोलच्या रबरी पाइपचा दर्जा) लिहिलेलं बघूनच घ्या. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात फुगून मऊ पडतं. किटमधला डायफ्रामही त्याच कारणानं तपासा.

खरा उपाय रिटर्न लाइन. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी, तिच्या परतीच्या तोंडात १ मिमीचं भोक असलेलं जेट, तिथून नळी थेट टाकीत. पेट्रोल सतत फिरत राहतं, वाफ मागे निघून जाते. भोक मोठं केलंत तर चढावर पेट्रोलचा दाब कमी पडेल. ही नळी टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या लाइनला जोडू नका, तेच गरम पेट्रोल गोल फिरेल. टाकीला वेल्डिंग तर मुळीच नको, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते. पेट्रोलच्या काट्याच्या सेंडरची (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाची) प्लेट काढून दूर न्या, धुऊन तिच्यावर निपल ब्रेझ करून आणा.

इलेक्ट्रिक पंप टाकायचाच झाला तर अडीच ते चार पीएसआयचा, टाकीजवळ. इंजेक्शनच्या गाडीचा पंप जास्त दाबानं सोलेक्समधली पेट्रोल अडवणारी सुई उचलून सगळीकडे पेट्रोल करेल.

लो_गिअर
काट्याबद्दल. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढू नका. चांगला थर्मोस्टॅट गरम झाल्यावर पूर्ण उघडतो, मग अडवतो कोण? खराब असेल तर बदला. दोऱ्यानं पातेल्यात टांगून पाणी तापवलं की उघडतोय का दिसतं.

आपल्याकडे निम्मा दोष बोअरच्या पाण्याचा. इंजिन गरम करून बंद करा, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या क्षारानं बुजल्यात. थर कमी असेल तर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास चालवा, रात्रभर ठेवू नका. मग गाडी थंड झाल्यावरच काढून टाका, साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा आणि डिस्टिल्ड वॉटर व कूलंट भरा. गार पट्टे तरीही राहिले तर टाक्या उघडून रॉड मारून घ्या. ब्लॉकचा ड्रेन कॉक पूर्ण काढून बघा. पाणी न येता नुसता गाळ दिसला तर तार घालून मोकळा करा. नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण मात्र बसवू नका, रेडिएटरची जुनी झाळ फाटते.

शिवाय ठिणगीचं टायमिंग पिस्टन वर पोचण्याच्या ५ अंश आधी, पॉइंटची फट ०.५ मिमी, टॅपेटची (व्हॉल्व्हच्या टोकाची) फट थंड असताना इनटेक ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच. एक्झॉस्टचे टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डखाली, म्हणून बहुतेक मिस्त्री ते सोडूनच देतात. तेच घट्ट असले तर व्हॉल्व्ह जळतो.

नाना_पेठ_फेरी
एक राहिलं. इथेनॉलनं मिश्रण पातळ होतं. प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफेक असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी वाढवा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिमीच्या शंभराव्या भागात असतो, १२० असेल तर १२५. जुनं जेट सुईनं कोरू नका, जपून ठेवा.

जुळेसोलापूरकर
आधी चकती आणि रेडिएटर, मग रिटर्न. सेंडरच्या प्लेटखाली पॅकिंग कशाचं घालू, कॉर्क चालेल?

लेथवाला_अक्कलकोट_रोड
कॉर्क सुकून गळतो. २ मिमी व्हायटन (पेट्रोलला टिकणारं रबर) शीट कापून घाला, पाचही स्क्रूंखाली तांब्याचे वॉशर, आणि स्क्रू समोरासमोर आवळत जा.