मदत हवी आहे: ओव्हरटाइम धरला की ईएसआय (कामगार विमा) गायब! टॅलीत पे हेड (पगारातल्या बाबी) कसे लावू?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, तेवीस माणसं. पगारपत्रक आमचे अकाउंटंट काका एक्सेलमध्ये करायचे. मार्चअखेर ते घरी बसले आणि ती शीट माझ्या गळ्यात पडली. अर्ध्या रकान्यांत सूत्रच नाही, नुसते आकडे. म्हणून टॅली प्राइममध्ये पेरोल सुरू केलं. हजेरी, बेसिक, घरभाडं इथवर जमलं.

परवा एक टर्नर स्लिप घेऊन आला. "वहिनी, या महिन्यात ईएसआय कापलाच नाही. घरात औषधपाणी चालू आहे, कार्ड बंद नाही ना पडायचं?" मला वाटलं होतं, हातात चार पैसे जास्त आले म्हणून खूश असेल.

त्याचं बेसिक-डीए १४,५००, भत्ते ४,३५०, म्हणजे १८,८५०. ओव्हरटाइम २,७६०. एकूण २१,६१०. पे हेडला मी २१,००० पर्यंत ०.७५ टक्के, पुढे शून्य असा स्लॅब लावलाय. ओव्हरटाइम सूत्रातून काढला तर १४१ रुपये कपात येते. पण काकांच्या शीटमध्ये अशा महिन्यांत ओव्हरटाइमवरही कापलेलं दिसतं. खरं काय?

दुसरं, पीएफ. फोरमनचं बेसिक १८,०००, पीएफ पूर्ण बेसिकवर. त्याचे १२ टक्के २,१६०. आमच्याकडूनही तेवढेच जायला हवेत; पण पेन्शनचे १,२५० आणि ३.६७ टक्क्यांनी ६६१, मिळून १,९११. मधले २४९ कुठे गेले? बाकी सगळ्यांचं जुळतंय.

प्रतिसाद १
एक्सेलच बरं होतं. काकांना महिन्यातून एकदा चहाला बोलवा.

प्रतिसाद २
चहा पाजा, पण शीट परत आणू नका.

काकांचं बरोबर आहे, निदान नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या ईएसआय कायद्याप्रमाणे. माणूस ईएसआयमध्ये बसतो का (पगार २१,००० पर्यंत), हे बघताना ओव्हरटाइम धरायचा नाही. वर्गणी काढताना मात्र धरायचा. तुमचा स्लॅब दोन्हीसाठी एकच आकडा बघतोय, तिथेच घोळ आहे. स्लॅब काढून सरसकट ०.७५ ठेवा आणि जो बसतो त्याच्याच पगाराच्या तपशिलात ते पे हेड जोडा. यादी एप्रिल आणि ऑक्टोबरात तपासायची. मधेच कुणाचा पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी त्या सहामाहीच्या अखेरपर्यंत कापावंच लागतं.

राउंडिंग 'वरच्या बाजूला' करा, नेहमीचं नको. २१,६१० वर १६२.०८ येतात, भरायचे १६३. मालकाचे ३.२५ टक्क्यांनी ७०३.

पीएफला ३.६७ विसरा. तो आकडा पगार १५,००० च्या आत असेल तोवरच खरा. मालकाच्या पीएफचं सूत्र 'कामगाराचा पीएफ वजा पेन्शन' असं द्या: २,१६० वजा १,२५०, म्हणजे ९१०. फोरमन पेन्शनचा जुना सभासद आहे ना, ते मात्र बघा. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि तेव्हाच १५,००० च्या वर होता, तर पेन्शन नाहीच, सगळे २,१६० पीएफात.

धागाकर्ती
९१० आले! फोरमन २००९ पासूनचे आहेत. ईएसआयही १६३ आणि ७०३ दाखवतंय.

टर्नरचा पगार तर बँकेत गेला. हे १६३ पुढच्या महिन्यात कापू का? आणि व्यवसाय कराचं काय, पॅकिंगच्या दोन्ही ताईंचे २०० कापले जातायत.

प्रतिसाद २
नाही कापता येत. ज्या महिन्याची वर्गणी, त्याच महिन्याच्या पगारातून. चुकलं तर मालकाच्या खिशातून. १५ तारखेच्या आत भरा.

ताईंचा पगार २५,००० च्या आत असेल तर व्यवसाय कर शून्य, एप्रिल २०२३ पासून. बायकांसाठी वेगळं पे हेड करा. कापलेले परत द्या. आणि पुरुषांच्या स्लॅबला फेब्रुवारीचे ३०० आत्ताच टाकून ठेवा, तेव्हा हमखास विसरतं.

धागाकर्ती
केलं. टर्नरला सांगितलं, कार्ड चालू राहील. "मग माझे १६३ वाचले की," म्हणाला आणि मशीनवर गेला.