एरिंक ४२९: लेबल २०३ ऐवजी भलतंच काहीतरी येतंय

शिकाऊ_तंत्रज्ञ: बेंचवर एअर डेटा कॉम्प्युटरची (विमानाची उंची, वेग काढणारा बॉक्स) एरिंक ४२९ लाइन, म्हणजे विमानातले बॉक्स एकमेकांना डेटा पाठवतात ती, वाचतोय. उंचीचं लेबल (डेटा कसला ते सांगणारा क्रमांक) २०३ हवं, पण हेक्समध्ये (१६ च्या पायात) सी१ दिसतंय. तारांची अदलाबदल झाली असेल का? आणि एकाच लाइनवर दोन बॉक्स एकदम बोलले तर?

हँगरकाका: तारांना हात लावू नकोस बाबा. लेबल ऑक्टलमध्ये (८ च्या पायात) असतं. २०३ म्हणजे १० ००० ०११. गंमत अशी की ३२ बिटांच्या शब्दात लेबलचे आठ बिट मोठ्या बिटापासून निघतात, पुढचा डेटा लहान बिटापासून. तुझं कार्ड सगळं एकाच दिशेनं भरतंय, म्हणून ११०००००१, म्हणजेच सी१. तेवढ्या आठ बिटांचा क्रम उलटा फिरव. असला घोळ कुणी आणि का घालून ठेवला, देव जाणे.

दोन बॉक्स बोलायचा प्रश्नच नाही. तारांच्या एका जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे २० पर्यंत. उलट उत्तर हवं तर दुसरी जोडी ओढा. म्हणून तर रॅकमागे तारांचं जंगल!

मिग_प्रेमी: लढाऊ विमानांत १५५३ (लष्करी डेटा बस) बघा की. वेग १ मेगाबिट, सगळे एकाच बसवर.

हँगरकाका: हो, पण तिथे बस कंट्रोलरनं विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही.

शिकाऊ_तंत्रज्ञ: काका, फिरवलं, २०३ आलं! पण उंची शून्यच.

हँगरकाका: शब्दातले बिट ३० आणि ३१ बघ, आकडा खरा की नाही ते तेच सांगतात. दोन्ही १ असतील तरच आकडा खरा धर. दोन्ही ० असतील तर बॉक्स स्वतःच बिघाड सांगतोय.