त्याचं बसणं म्हणजेच इशारा

स्फोटकं शोधणाऱ्या एका श्वानाच्या आठवणीत कुणीतरी लिहिलंय, 'निवृत्तीनंतरही पाहुण्यांच्या बॅगा हुंगायचा, पण कधी भुंकला नाही, पंजा मारला नाही,' हे वाचून गलबलून आलं. त्याचा 'स्वभावच शांत' असं कारण तिथे दिलंय, पण फक्त तेवढं पुरेसं नाही. स्फोटकं शोधणाऱ्या श्वानाला उकरायचं नाही हेच शिकवतात, कारण धक्क्याने स्फोट होऊ शकतो. वास लागला की जागीच बसायचं आणि हँडलरकडे, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या जोडीदाराकडे, बघायचं.

आणखी एक गोष्ट तिथे कुणी लिहिली नाही. बहुतेक दिवस काहीच सापडत नाही, आणि सतत हात रिकामे राहिले की कुत्रा हिरमुसतो. मी ज्या पथकासोबत होतो, तिथला हँडलर म्हणूनच तपासणी संपल्यावर सहकाऱ्याला स्फोटकाच्या वासाचा सरावाचा नमुना लपवायला सांगायचा. मग दमलेल्या कुत्र्याची धाप एकदम थांबायची, तोंड मिटायचं, नाक झपझप चालायचं आणि तो खाली बसायचा. लगेच खिशातून चेंडू! त्याची सगळी कमाई तेवढीच. म्हातारपणी कुत्र्याचे डोळे अधू झाल्यावरही हँडलर घरात तोच चेंडू लपवायचा, दर संध्याकाळी, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत.